टोकाचा नळ

पाणीघराची पुढची भिंत पाडून झाली होती. आतले दोन्ही पंप कधीच उचलून नेलेले. उरले होते त्यांचे सिमेंटचे चौथरे, त्यांत रुतलेले गंजके बोल्ट आणि कोपऱ्यात विटांचा ढीग. बाबांना ते बघायचं होतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला काय बघावंसं वाटेल याचा नेम नाही. गल्लीत ऑटो येत नाही, पायी जावं लागेल, वाटेत सांड आडवे बसलेले असतात, हे सगळं मी सांगून पाहिलं. ते चपला घालून दारात उभे राहिले.

मी लखनौहून चार दिवसांसाठी बनारसला आले होते. आई माघात गेली. जाण्याच्या आठवड्यात तिनं मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली आणि शेवटी म्हणाली, "त्यांना सांग. मला नाही जमलं." गोष्ट फार जुनी, एका सकाळची. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी कमलवहिनी गेली, तिच्या जाण्याशी जोडलेली. ती चूक आपली एकट्याची, असं बाबा चाळीस वर्षं मानत आले होते. तिच्यात आईचाही वाटा होता हे ऐकून त्यांचं ओझं हलकं होईल, की आई त्यांना दुसऱ्यांदा जाईल, हे मला कळत नव्हतं. म्हणून दोनदा येऊन मी न सांगताच परत गेले होते. आता कार्तिक लागला होता, आणि या खेपेचेही तीन दिवस मी स्वयंपाकघरातले डबे पुसण्यात घालवले होते.

बाबा या पाणीघराचे मॅनेजर होते. कागदावरचा हुद्दा लांबलचक होता, पण मुहल्ल्यात त्यांना सगळे पानीवाले साहब म्हणत. आमच्या घराण्याला ते फारसं रुचलं नव्हतं. पणजोबा वेद शिकायला काशीला आले आणि इथलेच झाले, आजोबा घनपाठी, काका संस्कृतचे प्राध्यापक. आणि हे चिरंजीव सकाळ-संध्याकाळ पंपाच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर लावून, त्याच्या मुठीला कान लावून बसतात. काका चेष्टा करायचे की आमच्या दादानंही श्रुतीच धरली आहे, फक्त निराळी. बाबा हसत आणि बेअरिंगचं ग्रीस बदलायला निघून जात.

पाणीघर लहानसंच होतं. एक बोअर, दोन पंप, उंच खांबांवरची टाकी, आणि बाजूला कुलपाची एक खोली. त्या खोलीत क्लोरीनचं सिलिंडर असे. पाणीघरातली माणसं त्याला दवा म्हणत, म्हणून आम्हीही दवाच म्हणायचो. सहा माणसं हाताखाली, आणि संकठा घाटामागच्या मोजक्या गल्ल्यांना दोन वेळचं पाणी. एवढ्याशा कामात मॅनेजरीसारखं काय असतं, असं मला लहानपणी वाटायचं. आता स्वतः बँकेची शाखा सांभाळते तेव्हा कळतं. छठच्या दिवशी सहापैकी पाच जणांना सुट्टी हवी असायची. बाबा पाचांनाही देत आणि स्वतः व्हॉल्व्हच्या चाकाशी स्टुलावर बसत. बादल्या घेऊन भांडायला आलेल्या बायकांना आधी खुर्ची देत, कारण बसलेल्या माणसाचा आवाज निम्म्यानं उतरतो हे त्यांना ठाऊक होतं. कुणा बड्या माणसाच्या सासुरवाडीकडून अर्धा तास जास्त पाणी सोडण्याचा निरोप आला, की ते अतिशय नम्रपणे हो म्हणत आणि अजिबात सोडत नसत.

बाकीच्या मुलींच्या वडिलांना तंबाखूचा, चंदनाचा, नाहीतर पोथ्यांच्या वाळवीचा वास यायचा. माझ्या बाबांना दवेचा यायचा. त्यांचा शर्ट धुऊन वाळवून घडी घातली तरी तो घडीत राहायचा. शाळेतून आल्यावर ते घरात आहेत की नाहीत हे मला जिन्यातच कळे. अजूनही कुठे नव्या धुतलेल्या फरशीवरून चालताना तो वास आला की मी थांबते. बरोबरच्या माणसांना वाटतं, हिला चक्कर आली.

त्यांच्या कामातला सगळ्यांत मोठा संस्कार पहाटेचा होता. पंप सुरू झाला की थोड्या वेळानं ते आमच्या गल्लीत येत. पाइपलाइन आमच्या घरापाशी संपायची. दारासमोरचा नळ हा शेवटचा, टोकाचा नळ. दवा तिथवर आली म्हणजे सगळ्यांकडे पोचली. बाबा नळ सोडत, आधीचं शिळं पाणी वाहून जाऊ देत, मग ओंजळ भरून नाकाशी नेत. डोळे मिटत. "पोचली," म्हणत, आणि मागे उभा असलेला त्यांच्या हाताखालचा रामदुलारे वहीत लिहून घेई. वास पुसट वाटला तर रामदुलारे उलट्या पावली जाऊन दवा वाढवून येई. ऑफिसनं तपासायला औषधाची बाटली आणि काचेच्या नळ्या दिल्या होत्या. दोन थेंब टाकले की दवा असेल तर पाणी पिवळं होतं. बाबांनी ती बाटली कपाटात ठेवून दिली होती. थेंब जुने होतात, नाक होत नाही, असं ते म्हणत. साहेबांच्या नाकाची ख्याती दुसऱ्या पाणीघरांपर्यंत गेली होती, आणि माणूस कितीही साधा असला तरी अशी ख्याती त्याला आवडते.

मी नववीत होते त्या हिवाळ्यात सिलिंडरच्या खोलीत एकदा गळती झाली. बाबांनी आत जाऊन चावी बंद केली. पंधरा दिवस खोकत होते, मग बरे झाले. आम्हाला वाटलं, बरे झाले.

फाल्गुनातली एक दुपार मला आठवते. आईनं दूध शेगडीवर ठेवलं आणि ती खाली कमलवहिनीकडे लोणच्याचा मसाला द्यायला गेली. बाबा शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. मी शाळेतून आले तर जिन्यातच करपल्याचा वास. वर येऊन बघते तर पातेलं काळंठिक्कर झालेलं आणि बाबा पेपरात. माझ्या पाठोपाठ आई आली. मी हसायला लागले. आई हसली नाही. तिनं पातेलं उतरवलं, बाबांकडे बघितलं, बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, माझंच चुकलं, आच मोठी राहिली. करपलेल्या दुधाचा वास दोन दिवस घरात होता.

त्यानंतर पहाटेच्या रिवाजात एक बदल झाला. तो माझ्या लक्षात आला, पण त्याचा अर्थ लागला नाही. बाबा टोकाच्या नळाशी येत, पूर्वीसारखी ओंजळ नाकाशी नेत, डोळे मिटत. त्याच वेळी आई कळशी घेऊन दारात आलेली असे. तीही बोटं ओली करून तोंडावरून फिरवल्यासारखं करी आणि म्हणे, "चहा टाकते." मग बाबा म्हणत, "पोचली." एखाद्या दिवशी ती म्हणे, "दूध यायचंय अजून." मग बाबा रामदुलारेला म्हणत, कम है, बढ़ा दो. खरं तर दूध आलेलं असायचं. आई विसराळू झाली आहे, असं मी मैत्रिणींना सांगितलंही होतं.

या बाबतीत त्या दोघांत कधीही एक शब्द झाला नाही, हे आईनं मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं. नवऱ्याचं नाक गेलं, हे तिनं करपलेल्या पातेल्यावरून ओळखलं आणि दुसऱ्या पहाटेपासून आपलं त्याला देऊ केलं. त्यानं ते घेतलं. एवढाच व्यवहार.

त्या वर्षी भाद्रपदात गंगा चढली. दोन दिवसांत अमृतराव घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, नावा वरच्या कठड्यांना बांधल्या गेल्या, आणि सगळ्या गल्ल्यांना गाळाचा जड, गोडसर वास सुटला. अशा दिवसांत बाबा जेवायलाही घरी येत नसत. पूर आला की जमिनीखालचं घाणेरडं पाणी कुठून कुठे शिरेल सांगता येत नाही, तेव्हा दवाच काय ती राखण करते, असं ते म्हणत. त्यात आमच्याकडे गौरी आल्या होत्या.

इथे आईची एक रीत सांगायला हवी. हुंगलेलं देवाला चालत नाही. लहानपणी मी परडीतला गुलाब उचलून नाकाला लावला, तर तिनं तो वेगळा काढून माझ्याच केसांत खोवला. आता हा तुझा, देवाचा नाही. पाण्याचंही तेच. एरवी प्रश्न येत नसे, कारण देवाचं पाणी गंगेवरून यायचं आणि नळाचं पाणी आपल्यासाठी. पण त्या दिवशी गंगेत चिखलच चिखल होता. पुरणाला, सोळा भाज्यांना, नैवेद्याच्या तांब्याला, सगळ्याला नळाचं पाणी घ्यायचं होतं.

पहाटे आई सोवळ्याचं नेसून कळशी घेऊन खाली आली. मी वर खिडकीत वेणी घालत होते. बाबा नळाशी उभे, रात्रभर पंपावर काढल्यानं दाढी वाढलेली. त्यांनी ओंजळ भरून नाकाशी नेली. आईनं कळशी नळाखाली धरली, ती भरून वाहू लागली. ती म्हणाली, "चहा टाकते." बाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "पोचली." रामदुलारेनं लिहून घेतलं.

तो दिवस माझ्या आयुष्यातल्या सुंदर दिवसांपैकी एक होता, याची मला अजून लाज वाटते. गौरींच्या अंगावर आईची लग्नातली पैठणी, केवडा, हळदीकुंकू, पुरण वाटताना वेलचीचा घमघमाट. सवाष्ण म्हणून कमलवहिनीच. तिला सातवा महिना होता, गाल भरले होते, नथ सारखी पाकळ्यांसारख्या ओठांवर येत होती. उकाडा फार होता. जेवताना तिनं तीनदा पाणी मागून घेतलं, आणि तीनही वेळा मीच तिचं फुलपात्र भरलं.

चार वाजता रामदुलारे जिन्याखाली आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "साहब, सिलिंडर त भोरे से खाली रहल." पहाटेपासून सिलिंडर रिकामं होतं. ते का, कुणाच्या चुकीनं, यात मी जात नाही. पुढे बाबाही कधी गेले नाहीत. ते शर्ट चढवून धावत गेले. आई पाटावर उरलेल्या पुरणाच्या पोळ्या मोजून झाकत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा टोकाच्या नळाशी आले ते हातात ती बाटली आणि काचेची नळी घेऊन. त्यांनी पाण्यात दोन थेंब टाकले, नळी उजेडाकडे धरली, पिवळं झालेलं बघितलं आणि आईकडे मान न वळवता गेले. आई कळशी घेऊन दारात तशीच उभी होती. त्या दिवसापासून पाणीघर सोडेपर्यंत त्यांनी कधी नाकाशी पाणी नेलं नाही.

नवरात्र संपताना गल्लीत कावीळ दिसू लागली. दिवाळीच्या आत कमलवहिनीचे डोळे पिवळे झाले. कुणीतरी तिच्या गळ्यात काविळीची माळ आणून घातली. ती माळ रोज आपोआप लांब होते आणि बेंबीखाली आली की आजार उतरतो, असं इथे मानतात. मी रोज शाळेतून आले की आधी खाली जाऊन माळ कुठवर आली ते बघायचे. ती लांबत होती, मी आईला आनंदानं येऊन सांगायचे, आणि आई माझ्याकडे पाठ करून भांडी घासत राहायची. धनत्रयोदशीला वहिनीला दवाखान्यात नेलं. ती आली नाही, बाळही आलं नाही. शेजारच्याच घाटावर नेलं तिला. विनायकभाऊ, तिचा नवरा, दुसऱ्यांचे अंत्यविधी सांगणारा माणूस. स्वतःच्या वेळी त्याला मंत्र आठवेनात, म्हणून काकांनी सांगितले.

त्या एका सकाळच्या पाण्यानंच झालं, असं कुणी म्हणालं नाही. पूर होता, सगळ्या शहरात आजार होते. डॉक्टर म्हणाले, गर्भारपणी कावीळ वाईटच. पण बाबा विनायकभाऊंपुढे जाऊन बसले आणि त्या दिवशी दवा नव्हती हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ऑफिसला लिहून पाणीघर सोडलं. पुढची सोळा वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्ट आणि वॉशरच्या पेट्यांमध्ये काढली. त्यांच्या शर्टाचा वास हळूहळू गेला. घरात ती दोघं चांगली वागत. आई वेळेवर चहा करी, बाबा भाजी आणत. पण पूर्वी जी चेष्टामस्करी चाले, ती परत आली नाही. घरात कुणी आजारी असावं तशी ती दोघं हळू बोलत. मला वाटलं, वय झालं की माणसं अशीच होतात.

"दवा इथे असायची," बाबा म्हणाले. कुलपाच्या खोलीची आता जमीनच तेवढी उरली होती. मजूर जेवायला गेले होते. मी विटांच्या ढिगावर रुमाल अंथरून त्यांना बसवलं. ते चौथऱ्यांकडे बघत होते. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं आणि मी सांगून टाकलं.

आईच्याच शब्दांत सांगितलं, कारण माझे सुचेनात. "आई म्हणाली, त्या दिवशी मी वास घेतलाच नाही. देवाचं पाणी होतं, हुंगणार कसं? वेगळी ओंजळ घेऊन हुंगता आलं असतं. सुचलं नाही असंही नाही, घाई होती. चहा टाकते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. दुसऱ्या दिवशी बाटली आणली तेव्हा कळलं, आता भरवसा उरला नाही. बरोबरच होतं त्यांचं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला माहीत होतं बेटा," ते म्हणाले. "समोरच तर उभा होतो मी. सोवळ्यात होती, हात नाकाशी गेलाच नाही. मी पाहिलं."

मला आधी कळलंच नाही. मग मी विचारलं, की मग तुम्ही पोचली कसं म्हणालात.

"आणि काय म्हणणार? रामदुलारे वही घेऊन मागे उभा होता. त्याच्यासमोर बायकोला सांगू, की बाई, वास घे, मला येत नाही? बाटली मागवली असती तरी त्याला कळलं असतं. एवढी लाज नाही सोसली मला." मग म्हणाले, "तिची काय चूक? ती तर देवाचं पाणी भरत होती."

"मग दुसऱ्या दिवशी बाटली..."

"तिच्या डोक्यावर परत काही यायला नको, म्हणून."

मी त्यांना सांगितलं, की आईला ते उलट वाटलं, चाळीस वर्षं उलट वाटलं. हे सांगायला नको होतं की काय, ते मला आजही ठरवता येत नाही. ऐकताना त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. फक्त शेजारच्या विटेवरची धूळ त्यांनी बोटानं पुसली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दोघांचाही, सारखाच. एका स्वयंपाकघरात, एका शेगडीशी, रोज दोन वेळा समोरासमोर बसून जेवलेली माणसं ही.

मजूर परत येऊ लागले होते. त्यांच्यातला एक जण आम्हाला उठायला सांगावं की नाही अशा विचारात घमेलं घेऊन उभा होता. बाबा उठले नाहीत.

"तिला सांग," ते म्हणाले, "मी पाहिलं होतं म्हणून. तिची चूक नव्हती म्हणून सांग."

मी हो म्हटलं.